विश्लेषण : पत्त्यांच्या डावात प्रतिस्पर्धी फक्त घड्याळ! पैशांच्या रमीवरील बंदीनंतर वऱ्हाडातल्या सतरंजीवर काय?

उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे गेला की दुपारी रस्ते ओस पडतात आणि घरोघरी कूलरसमोर सतरंजी टाकून पत्त्यांचा कॅट निघतो. अमरावती असो की अकोला, बदाम सात, मेंढीकोट, पाच-तीन-दोन हे खेळ बहुतेकांना आजी-आजोबांनी किंवा मोठ्या भावंडांनीच शिकवलेले असतात. गेल्या काही वर्षांत हेच पत्ते सतरंजीवरून मोबाइलमध्ये गेले. चौघांचा खेळ एकट्याचा झाला आणि चिंचोक्यांच्या जागी यूपीआय आला.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये पत्त्यांच्या साध्या कॅटवरचा जीएसटी कमी झाला. म्हणजे सरकारनेही पत्ते आणि पैशांची बाजी यांत रेघ ओढली. याच सुमारास जगभरात पत्त्यांचा एक वेगळाच प्रकार लोकप्रिय होत आहे. त्यात खेळणारे एकमेकांविरुद्ध नसतात. सगळे एका बाजूला आणि समोर टिकटिकणारे घड्याळ. हा प्रकार नेमका काय आहे, तो कायद्यात बसतो का आणि घरातल्या साध्या कॅटवर तो खेळता येतो का, याचा हा आढावा.

हा खेळ नेमका काय?

या प्रकाराचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘फाइव्ह मिनिट डंजन’. कॉनर रीड यांनी रचलेला आणि कॅनडातील कंपनीने २०१७ मध्ये बाजारात आणलेला हा खेळ दोन ते पाच जण खेळतात. प्रत्येकाकडे एका योद्ध्याची पाने असतात. मध्ये भुयाराची गड्डी असते. तिच्यातून एकेक अडथळा उलटा होतो आणि त्यावर काही चिन्हे असतात : तलवार, ढाल, बाण, उडी किंवा गुंडाळी. ती चिन्हे असलेली पाने खेळाडूंनी मिळून टाकायची. अडथळा दूर झाला की लगेच पुढचा. शेवटी भुयाराचा म्होरक्या समोर येतो. त्यालाही हरवायचे आणि हे सारे पाच मिनिटांत.

यात कोणाची पाळी नसते. ज्याच्याकडे पान आहे त्याने टाकायचे. पण तलवार एकच हवी असताना दोघांनी टाकली, तर एक वाया गेली. गड्डी मर्यादित असल्याने वाया गेलेले पान शेवटी नडते. त्यामुळे ‘ढाल माझ्याकडे’, ‘थांब, मी टाकतो’ असा आरडाओरडा अटळ. वेळ संपली की सगळे एकत्र हरतात, जिंकले तरी एकत्रच.

अशा खेळांची सुरुवात कुठून?

एकत्र खेळून खेळालाच हरवण्याची कल्पना नवी नाही. कॅनडातील जिम डिकोव्ह यांनी १९७० च्या दशकात लहान मुलांसाठी असे सहकारी खेळ तयार करायला सुरुवात केली. मोठ्यांमध्ये हा प्रकार खऱ्या अर्थाने पोहोचवला तो २००८ मध्ये आलेल्या मॅट लीकॉक यांच्या ‘पँडेमिक’ने. त्यात खेळाडू मिळून साथीचे रोग रोखतात. त्याच वर्षी व्लादा ख्वातिल यांचा ‘स्पेस अलर्ट’ आला आणि त्यात घड्याळही शिरले. २०१७ मधील ‘मॅजिक मेझ’मध्ये तर वाळूचे घड्याळ आहे आणि खेळताना बोलायलाही बंदी आहे.

जर्मनीतील ‘श्पील देस यारेस’ हा या क्षेत्रातला सर्वांत मानाचा पुरस्कार. २०२३ ते २०२५ अशी सलग तीन वर्षे तो सहकारी खेळांनाच मिळाला : अनुक्रमे ‘डॉर्फरोमांटिक’, ‘स्काय टीम’ आणि ‘बॉम्ब बस्टर्स’. त्याआधी २०१३ मध्ये ‘हनाबी’ या पत्त्यांच्या सहकारी खेळानेही तो पटकावला होता. हनाबीत प्रत्येकाची पाने इतरांना दिसतात, स्वतःला दिसत नाहीत.

मेंढीकोटपेक्षा वेगळे काय?

मेंढीकोटमध्येही सहकार्य असते. समोर बसलेला भिडू आपला, त्याने हुकूम कशाचा केला, दहेली कोणाकडे असेल, हे न बोलता ओळखायचे. पण तिथे सहकार्य दोघांपुरते आणि दुसऱ्या जोडीविरुद्ध असते. एका जोडीवर कोट झाला की दुसरी जोडी आठवडाभर चिडवत बसते. तो त्या खेळाचा आनंदच आहे.

घड्याळाविरुद्धच्या खेळात चिडवायला समोर कोणी नसते. त्यामुळे दहा वर्षांची नात आणि सत्तरीतले आजोबा एकाच बाजूने बसतात. मेंढीकोटमध्ये कच्चा भिडू कोणालाच नको असतो. इथे मात्र त्याच्या हातातले एक पान सर्वांनाच हवे असते.

मग घड्याळ कशाला?

सहकारी खेळांचा एक जुना आजार आहे. चौघांत एक जण हुशार किंवा नुसताच मोठ्या आवाजाचा असतो. तो स्वतःचे डोके चालवतो आणि इतर तिघांनाही ‘तू हे टाक, तू ते टाक’ असे सांगत सुटतो. बाकीचे मग खेळत नाहीत, फक्त हात हलवतात. घरातला कर्ता माणूस पत्ते खेळताना काय करतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

घड्याळ हा त्यावरचा उतारा आहे. दर काही सेकंदांनी नवा अडथळा येत असेल, तर एका माणसाला चौघांचे हात सांभाळणे शक्यच नसते. प्रत्येकाला आपापला निर्णय घ्यावा लागतो आणि दुसऱ्यावर विश्वास टाकावा लागतो. वेळेची मर्यादा खेळ कठीण करते, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती अधिकार वाटून देते.

वऱ्हाडाला ‘घड्याळाविरुद्ध सगळे’ हे नवे आहे का?

अजिबात नाही. याचे सर्वांत मोठे उदाहरण अमरावती आणि अकोल्याच्या मधोमधच आहे. जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लोणी ते माना दरम्यान एका मार्गिकेचे ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग करण्यात आले. ३ जूनच्या सकाळी काम सुरू झाले आणि ७ जूनच्या सायंकाळी थांबले. एकूण १०५ तास ३३ मिनिटे. ७२० जण रात्रंदिवस पाळ्यांमध्ये राबले आणि या कामाची नोंद गिनेस बुकात झाली. आधीचा विक्रम कतारमधील २५.२७५ किलोमीटरचा होता, त्याला दहा दिवस लागले होते.

हिशेब केला तर तासाला सरासरी ७१० मीटर रस्ता. इतक्या वेगात एका साहेबाने प्रत्येक डंपरला आदेश देऊन काम होत नाही. प्लांटवरचा माणूस, डंपरचा चालक, पेव्हर चालवणारा आणि रोलरवाला यांपैकी एक जरी अडला, तरी मागची सगळी रांग थांबते. उलट डंपर एकदम जास्त आले तर गरम मिश्रण थंड होऊन वाया जाण्याची भीती. गरजेच्या वेळी गरजेपुरतेच पुढे करायचे, हेच तत्त्व पाच मिनिटांच्या पत्त्यांमध्येही आहे. फरक इतकाच की पत्त्यांत चुकले तर पुन्हा पिसता येते.

कायदा काय म्हणतो?

‘ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायदा, २०२५’ हे विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत आणि २१ ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झाले. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. त्याच्या महिनाभर आधी विधिमंडळात एका मंत्र्यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा खेळ दिसल्याच्या चित्रफितीवरून राज्यात वादळ उठले होते. आपण रमी खेळत नव्हतो, असे त्या मंत्र्यांचे म्हणणे होते. पुढे त्यांचे खातेही बदलले.

कायद्याने ऑनलाइन खेळांचे तीन भाग केले आहेत :

• पैशांचे खेळ : पैसे भरून, पैसे किंवा तत्सम लाभ मिळण्याच्या अपेक्षेने खेळले जाणारे. यांच्यावर बंदी. असे खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. केवळ खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही.

• ई-स्पोर्ट्स : मान्यताप्राप्त स्पर्धात्मक खेळ. यांना प्रोत्साहन.

• सामाजिक खेळ : बाजी न लावता करमणूक किंवा कौशल्यासाठी खेळले जाणारे. यांनाही मोकळीक.

कळीचा बदल असा, की पैशांच्या खेळात कौशल्य आहे की नशीब हा प्रश्नच कायद्याने बाजूला ठेवला. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटले होते. रमी ॲपवाले अनेक वर्षे याच निकालाकडे बोट दाखवत आले. नव्या कायद्यात पैसे लावले की खेळ कौशल्याचा असला तरी बंद. या कायद्याला विविध उच्च न्यायालयांत आव्हान देण्यात आले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ही प्रकरणे सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतली.

आणि सतरंजीवरचे पत्ते?

ऑनलाइन कायदा घरातल्या कॅटला लागू होत नाही. तिथे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. पोळ्याच्या किंवा दिवाळीच्या दिवसांत ‘जुगार अड्ड्यावर छापा’ अशी बातमी येते, ती या कायद्याखालच्या कारवाईची. कारवाई होते ती जुगार चालतो म्हणून. पत्ते हाताळणे हा गुन्हा नाही. घड्याळाविरुद्धच्या सहकारी खेळात तर बाजी लावायला विरुद्ध बाजूच नसते. सगळेच जिंकले तर पैसे द्यायचे कोणी?

करातही हाच फरक दिसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून पत्ते, कॅरम, बुद्धिबळ, ल्युडो अशा खेळांच्या साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. पैशांच्या ऑनलाइन खेळांचा दर मात्र २८ वरून ४० टक्के करण्यात आला.

पैशांच्या रमीत पैसा जातो कुठे?

‘आज हरलो, उद्या जिंकू’ हा हिशेब का फसतो, ते साध्या गणिताने समजते. समजा, चौघांनी प्रत्येकी १०० रुपये लावले. टेबलावर ४०० जमले. ॲपने १० टक्के कापले, जिंकणाऱ्याला ३६० मिळाले. चौघेही सारखेच तरबेज असतील आणि असे दहा डाव झाले, तर ४०० रुपये टेबलावरून कायमचे गेले. म्हणजे प्रत्येकाचे सरासरी १०० रुपये. कोणी फसवले नाही, कोणी वाईट खेळले नाही, तरीही चौघांचे मिळून नुकसानच. डाव जितके जास्त, तितकी गळती जास्त.

त्यात वेगाची भर. पारावर बसून रमी खेळताना पत्ते पिसायला, वाटायला, चहा यायला वेळ लागतो. मोबाइलवर एक डाव संपला की दुसरा तयारच असतो. शिवाय हरलेला माणूस सतरंजीवर चौघांना दिसतो. कोणीतरी ‘बस झालं आता’ म्हणते. मोबाइलवर हरलेला माणूस पांघरुणाखाली एकटा असतो आणि घरच्यांना कळते तेव्हा कर्जाचे हप्ते थकलेले असतात.

अशा घरात मग पत्त्यांचे नाव काढणेही नकोसे होते. हा राग समजण्यासारखा आहे. पण पैसा गेला तो पाने पिसल्यामुळे गेला नाही. एकटेपणा, वेग आणि बाजी ही तीन कारणे एकत्र आल्याने गेला. सहकारी खेळ यातला फक्त वेग ठेवतो आणि उरलेली दोन कारणे काढून टाकतो.

साध्या कॅटवर कसे खेळाल?

परदेशी खेळांचे डबे महाग असतात आणि त्यांवरचा मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. मात्र मूळ कल्पना दोन साधे कॅट आणि मोबाइलमधले टायमर यांवरही जमते. चौघांसाठी एक सोपी पद्धत अशी :

१. वेगवेगळ्या पाठीचे दोन कॅट घ्या, जोकर बाजूला काढा.

२. पहिला कॅट पिसून प्रत्येकाला १३ पाने वाटा. प्रत्येकाने आपल्या गड्डीतली वरची चार पाने हातात घ्यायची, उरलेली नऊ समोर पालथी.

३. दुसरा कॅट पिसा. न पाहता १२ पाने बाजूला ठेवा. उरलेली ४० ही अडथळ्यांची गड्डी.

४. टायमरवर तीन मिनिटे लावा. अडथळ्यांची दोन पाने उलटा. समजा बदाम आणि किलवर आले, तर कोणीही एक बदाम आणि एक किलवर टाकायचे. आकडा पाहायचा नाही, फक्त रंग. पाळी नाही.

५. पान टाकले की आपल्या गड्डीतून नवे उचलून हात चारचा करा. गरजेपेक्षा जास्त पडलेले पान बाद.

६. हवा तो रंग कोणाकडेच नसेल, तर प्रत्येकाने हातातले एक पान आपल्या गड्डीखाली सरकवून वरचे उचलायचे.

७. वीसच्या वीस जोड्या वेळेत संपल्या तर सगळे जिंकले. जमले की पुढच्या डावात वेळ दोन मिनिटांवर आणा.

वरवर हे सोपे वाटते. गंमत गणितात आहे. सुरुवातीला एका खेळाडूच्या चार पानांत बदाम असण्याची शक्यता सुमारे ७० टक्के. म्हणजे चौघांपैकी सरासरी जवळपास तिघांकडे बदाम असतो. तो कोणाकडेच नसण्याचा प्रसंग हजार वेळांत चारदाच येईल. थोडक्यात, अडचण पान नसण्याची नाही. एकाच बदामासाठी तिघांचे हात एकदम पुढे येण्याची आहे.

आणि वाया घालवायला फार पाने नाहीत. ५२ पैकी ४० लागणारच, शिल्लक १२. म्हणजे एका रंगाची सरासरी तीनच. बाजूला ठेवलेली १२ पाने कोणीच पाहिलेली नसल्याने कोणत्या रंगात किती मोकळीक आहे, तेही कोणाला ठाऊक नसते. सुरुवातीच्या उत्साहात चार बदाम उडाले, तर शेवटच्या अडथळ्याला बदाम हवा असतो आणि चौघांच्या हातात नुसते इस्पिक. पहिले दोन-तीन डाव बहुतेक असेच जातात. मग टोळी आपोआप काहीतरी ठरवते : लाल रंग या बाजूच्या दोघांनी, काळे त्या दोघांनी. किंवा टाकण्याआधी नाव घ्यायचे. हे ठरवणे हाच खरा खेळ.

मर्यादा काय?

हा प्रकार सर्वांना मानवेलच असे नाही. नजर कमजोर असलेल्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या ज्येष्ठांना घाई त्रासदायक ठरू शकते. त्यांच्यासाठी वेळ पाच मिनिटांची ठेवावी किंवा पाने उलटण्याचे आणि घड्याळ पाहण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. काही मुले टायमर पाहूनच घाबरतात. त्यांच्यासोबत आधी घड्याळाशिवाय खेळलेले बरे. आणि मेंढीकोटची चुरस ज्यांच्या अंगात भिनली आहे, त्यांना ‘सगळेच जिंकले’ हे अळणी वाटण्याची शक्यता आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा खेळ पैशांच्या व्यसनावरचा उपचार नाही. बंदीनंतरही परदेशातून चालणारी बेकायदा ॲप आणि संकेतस्थळे लोकांना गाठतातच. घरातला कोणी त्यात अडकला असेल, तर त्याच्या हातात नुसता कॅट देऊन भागणार नाही. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाली असेल, तर १९३० वर जितक्या लवकर तक्रार होईल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

मग रुजतील का हे खेळ?

सहकारी खेळांच्या जाहिराती क्रिकेट सामन्यांच्या मध्ये झळकणार नाहीत, कारण त्यांत दर डावाला कापायला कोणाची टक्केवारी नाही. त्यामुळे ते पसरले तर एका घरातून दुसऱ्या घरात, बदाम सात पसरला तसेच पसरतील. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी वऱ्हाडात आधीपासूनच आहेत : लांबलचक दुपारी, भरलेली घरे आणि पत्त्यांची सवय.

ज्या घरात मोबाइलवरच्या रमीने पैसे गेले आहेत, तिथे प्रश्न खेळापुरता उरत नाही. तिथे हरलेला मुलगा किंवा भाऊ चारचौघांत बसायचेच टाळतो. तीन मिनिटांचा डाव त्याचे कर्ज फेडणार नाही. पण किलवर हवा असताना तो त्याच्याकडे असेल, तर त्याला हाक मारावीच लागते.